बागेत भावंडं भांडतात तेव्हा

घरातलं भांडण आणि बागेतलं भांडण, भावंडं तीच असली तरी, एक नसतं. घरात कुठली वस्तू कुणाची हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. फारच झालं तर एकाला स्वयंपाकघरात आणि दुसऱ्याला गॅलरीत धाडता येतं. बागेतला झोका कुणाच्याच मालकीचा नसतो, त्यामुळे तो दोघांनाही आपलाच वाटतो. दिवसभराचा शीण अंगात असतो, संध्याकाळची भूक असते, आणि बाकांवर बसलेली माणसं आपल्याकडे बघत असतात. मोठ्या माणसाचा तोल सुटतो तो बहुतेक वेळा या बघणाऱ्यांपायी.

मी कोथरूडमध्ये बालवाडी चालवली. अडीच ते पाच वर्षांची मुलं रोज हाताखालून गेली. आता संध्याकाळी नातवंडांना घेऊन जवळच्या महापालिकेच्या बागेत जाते. नात सव्वासहा वर्षांची, नातू साडेतीनचा. पुढे लिहिलेलं सगळं या दोघांवर आणि त्याआधी बालवाडीतल्या मुलांवर वापरून बघितलेलं आहे. त्यातलं एक आधीच सांगते, कारण माझ्या मते घरोघरी तिथेच बिघडतं. थोरल्या मुलाला आपण फार लवकर मोठं करून टाकतो. सहा वर्षांचं मूलही लहानच असतं. धाकट्याने भोकाड पसरलं की थोरलीने हातातलं सोडायचं, हे दर वेळी झालं की भांडणं मिटत नाहीत, मुरतात.

निघण्याआधी

बागेतली कितीतरी भांडणं खरं तर भुकेची असतात. दुपारी बाराला जेवलेल्या मुलाच्या पोटात पाचला कावळे कोकलत असतात, पण खेळायच्या नादात त्याला ते उमगत नाही. त्याला फक्त बहिणीचा राग येतो. म्हणून पायात चपला घालण्याआधी दोघांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आमच्याकडे तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी, नाहीतर केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाला खेळता खेळता देऊ नका, पळताना ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट घालून केलेला लाडू चालतो. सोबत खाऊ न्यायचा तर दोन डबे घ्या आणि दोन्हींत मोजून सारखं भरा. डबा एक असला की शेवटच्या वडीवरून महाभारत होणारच. पाण्याच्या बाटल्याही दोन, वेगवेगळ्या रंगांच्या.

धाकटा दुपारच्या झोपेतून उठल्या उठल्या त्याला उचलून बागेत नेऊ नका. अर्धा तास मांडीवर लोळू द्या, तोंड धुवा, खायला द्या, मग निघा. ज्या दिवशी तो झोपलेलाच नाही त्या दिवशी बाग थोडाच वेळ, आणि झोक्याऐवजी मातीत. थकलेल्या मुलाला नंबर लावून उभं राहणं जमत नाही, ते त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं.

खेळणी नेताना मी एकच नियम पाळते. एक तर अगदी सारख्या दोन वस्तू, नाहीतर जिच्याशी खेळायला दोन जणं लागतातच अशी एक. दोन खुरपी, दोन लहान बादल्या, नाहीतर एक चेंडू. एकच स्कूटर, एकच बाहुली, एकच बबल्सची बाटली घरी राहते. नवीन मिळालेली वस्तू तर बागेत नकोच, ती ज्याची त्याने घरी मनसोक्त वापरून जुनी होऊ दे.

आणि दाराशी उभं राहून, दोघं शांत असताना, आज काय होणार ते सांगून टाका. मी म्हणते, "आज झोका, घसरगुंडी आणि माती. फुगा शनिवारी. अंधार पडायच्या आत घरी." एवढंच. मग नातवाला विचारते, "फुगा कधी?" तो शनिवार म्हणतो. शनिवार म्हणजे नेमका कधी ते त्याला कळत नाही, पण आज नाही हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं असतं, आणि फाटकाशी त्याचा उपयोग होतो.

उन्हाळ्यात आणखी एक. लोखंडी घसरगुंडी ऊन उतरल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. आधी आपल्या हाताची पालथी बाजू लावून बघा. मांडीला चटका बसून सुरू झालेलं रडणं मग बहिणीवर घसरतं, आणि खरं कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

आधी वेगवेगळं खेळू द्या

बागेत शिरल्याबरोबर "दोघं मिळून खेळा हं" असं आपण सहज म्हणून जातो. म्हणू नका. सव्वासहा आणि साडेतीन यांचा खेळ एक नसतो. तिला जंगल जिमवर वर चढून टोक गाठायचं असतं, त्याला त्याच जंगल जिमच्या खालच्या दांडीला लोंबकळायचं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं दोघांना आपापल्या वाटेने जाऊ द्या, दम लागेपर्यंत पळू द्या. अंगातली रग जिरली की मुलं आपण होऊन एकमेकांकडे येतात. आली नाहीत तरी काही बिघडत नाही. एकाच बागेत दोघांनी वेगवेगळं खेळून आनंदाने घरी येणं ही चांगलीच संध्याकाळ झाली.

एकटं माणूस दोघांना घेऊन गेलं असेल तर बाक निवडताना झाडाची सावली किंवा ओळखीच्या बायका बघू नका. घसरगुंडीची शिडी आणि मातीचा खड्डा एका नजरेत येईल असा बाक निवडा.

झोका

बागेतल्या भांडणांचं माहेरघर झोका. दोन झोके मोकळे असतील तर प्रश्नच नाही, पण आमच्या बागेत लहानांसाठी धड असलेला झोका एकच आहे.

"पाच मिनिटं तिची, पाच मिनिटं तुझी" हे साडेतीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं. मिनिट दिसत नाही, हाताला लागत नाही. झोके मोजता येतात. म्हणून आमच्याकडे पाळी तीस झोक्यांची. आणि मोजायचं काम झोक्यावर बसलेल्याचं नाही, थांबलेल्याचं. रिकाम्या हातांनी उभं राहणं फार कठीण असतं, काम मिळालं की तेच सोपं होतं.

नातवाला दहापर्यंतच येतं. तर दहा झाले की त्याने एक फूल ओळीत ठेवायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बुचाच्या झाडाखाली लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. तो आधी तीन फुलं वेचून मुठीत धरतो आणि कडेच्या सिमेंटच्या कट्ट्याशी उभा राहतो. झोक्याच्या पुढे-मागे मूल उभं राहता कामा नये, म्हणून त्याची जागा मी त्याच्याच चपला काढून ठेवून आखून देते, चपलेच्या पुढे यायचं नाही. मग तो मोजतो, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ..." आणि झोक्यावरून ती ओरडते, "आठ राहिला!" तो थांबतो, विचार करतो, पुन्हा सातवरून सुरू करतो. तिला दोन झोके जास्त मिळतात आणि त्याला आठ सापडतो. दहा म्हटल्यावर खाली वाकून तो फूल कट्ट्यावर ठेवतो, देठ आपल्याकडे करून, दुसरं त्याच्या शेजारी अगदी तसंच. तिसरं ठेवलं की ती पाय मातीत घासून झोका थांबवते. मी मधे बोललेलीही नसते.

त्याच्या पाळीत मोजायचं तिने. कधी कधी ती घाईघाईने एकदोनतीनचार म्हणून मोकळी व्हायला बघते. त्याला नियम असा की झोका मागे येईल तेव्हाच आकडा म्हणायचा. फुलांचा मोसम नसेल तेव्हा खडे, गुलमोहराच्या शेंगेतल्या बिया, काहीही चालतं. ओळीत दुसऱ्यांची मुलं असली तर त्यांनाही याच हिशेबात घ्या. बहुतेक मुलांना मोजायला आवडतं, आणि त्यांच्या आयांनाही बरं वाटतं.

पहिली पाळी कुणाची, यावर मी निकाल देत नाही. मुलांकडे त्यासाठी "अटक मटक चवळी चटक" आहे. ज्याच्यावर शेवट येईल तो पहिला. आपण निकाल दिला तर आजीने दिला म्हणून राग येतो. बडबडगीताने दिलेला निकाल मुलं निमूट मानतात.

भांडण पेटल्यावर

प्रत्येक आरड्याओरड्याला बाकावरून उठू नका. "माझं आहे, माझं आहे" एवढंच चाललं असेल तर बसून ऐका. बऱ्याचदा ते आपसांत सोडवतात, आणि ते शिकायला याहून चांगली जागा नाही. आवाज चढला, नावं ठेवणं सुरू झालं की उठून जवळ जा आणि दोघांच्या मधे खाली बसा. काही बोलायची घाई नको. मोठं माणूस मधे बसलं की आवाज जरा खाली येतो.

मात्र ढकलाढकली, चावणं, माती डोळ्यांत फेकणं, केस ओढणं यांत वाट बघायची नाही. लगेच हात धरायचा आणि सांगायचं, "मी हात धरलाय. मारू देणार नाही." आवाज जाड, पण ओरडून नाही. दुखावलेल्याकडे आधी बघा, मारणाऱ्याला लेक्चर नंतर. आधी मारणाऱ्यावर तुटून पडलं तर सगळं लक्ष त्यालाच मिळतं आणि रडणारं बाजूलाच राहतं. चावल्याच्या खुणा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

शिडीवर किंवा घसरगुंडीच्या माथ्यावर भांडण झालं तर चौकशी न करता दोघांना खाली. उंचीवर वाद नाही, हा आमच्या बालवाडीचा नियम होता. सी-सॉवरून रागाने अचानक उतरायचं नाही हाही तसाच, समोरचा दाणकन आपटतो.

हात थांबले की मग बोलणं. "कुणी सुरू केलं?" हा प्रश्न मनातसुद्धा आणू नका. त्याचं उत्तर कालच्या, परवाच्या भांडणापर्यंत मागे जातं. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा, "चेंडू एक आहे. तुला फेकायचाय, त्याला धरून बसायचंय." आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. थोरलं मूल काहीतरी सुचवतं, हमखास. "मी फेकते, तो आणून देईल." धाकट्याला ते पटलं तर झालं. नाही पटलं तर त्याला दोनच पर्याय द्या, जास्त नाही, "आणून देतोस की मातीत खेळतोस?" काहीच जमत नसेल तर चेंडू पिशवीत. शिक्षा म्हणून नाही. सरळ सांगा, "आज चेंडूवर जमत नाहीये, उद्या बघू."

सॉरी म्हणायला लावू नका. दात-ओठ खात म्हटलेल्या सॉरीने काही जुळत नाही. त्यापेक्षा हाताला काम द्या. ज्याने मारलं त्याने बाटली आणून द्यावी, फुंकर घालावी, पडलेला डबा उचलावा. आमचा नातू बहिणीच्या गुडघ्यावर दोन-दोन बँडेज लावतो, एक खरचटलेल्या जागी आणि एक भलतीकडेच.

"तू मोठी आहेस ना"

हे वाक्य बागेत सगळीकडून येतं. शेजारच्या बाकावरच्या काकू म्हणतात, वॉचमन म्हणतो, आपल्याही तोंडावर येतं. "तू मोठी आहेस ना, दे त्याला. रडतोय बघ बिचारा." थोरलीला यातून एवढंच कळतं की रडलं की मिळतं आणि समजूतदार झालं की जातं. धाकटाही तेच शिकतो, फक्त आनंदाने.

मी काय म्हणते ते जसंच्या तसं देते. धाकट्याला, "तिची पाळी अजून संपली नाही. थांबणं जड जातंय ना? चल, आपण मोजू." थोरलीला, "तुझी पाळी तू पुरी कर. याला मी बघते." आणि काकूंना, हसून, "तिचीही पाळी आहे ना." एवढ्यावर विषय संपतो. थोरलीच्या चेहऱ्यावरचा ताण त्या "याला मी बघते" वर उतरताना मी रोज बघते. पुष्कळदा त्यानंतर चार झोके राहिलेले असतानाच ती आपण होऊन उतरते आणि त्याला बसवते. ते तिचं देणं असतं. त्याचं मोल वेगळं, आणि तेव्हा "शहाणी माझी बाय" असं म्हणून सगळ्या बागेत डंका पिटू नये. एकदा तिच्याकडे बघितलं की पुरे. तिला ते पोचतं.

थोरल्याला दाईचं काम देऊ नका. "जरा बघ गं त्याच्याकडे" म्हणून आपण फोनवर बोलत बसलो आणि तो पडला की दोष तिच्या माथी. ती खेळायला आली आहे.

तिच्या मैत्रिणी आल्या की वेगळाच प्रश्न येतो. लपाछपी किंवा डबा ऐसपैस रंगात आलेलं असतं आणि धाकटा मधे घुसतो. त्याला कच्चा लिंबू म्हणून घेता येतं, पण आधी खेळणाऱ्यांना विचारा आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते माना. घेतला तर कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, तो कुणाचा तरी हात धरून लपतो, आणि त्याला तेवढ्याने स्वर्ग मिळतो. नाही घेतला तर त्याच्याशी आपण खेळायचं. उठून, त्याच्याबरोबर मातीत बसून. बहिणीचा खेळ तिचा राहू दे.

शिवाय आठवड्यातून एखादी संध्याकाळ थोरलीची एकटीची ठेवा. माझा मुलगा लवकर घरी आला की धाकट्याला तो सांभाळतो आणि मी नातीला घेऊन जाते. ती जंगल जिमच्या टोकावर बसून तिथून काय काय दिसतं ते मला खाली सांगत राहते, कुठली पाण्याची टाकी, कुणाच्या गच्चीवर कसली चादर, लांब वेताळ टेकडी. मधे कुणी येत नाही. त्या आठवड्यात भांडणं कमी होतात असं माझं पक्कं निरीक्षण आहे.

जमिनीवर लोळण घेतली तर

भांडणाला दोघं लागतात. थैमान एकट्याचं असतं, आणि त्याचा उपायही वेगळा. या वयात मुलाच्या मनात जेवढं येतं तेवढं त्याला बोलता येत नाही, आणि राग आवरायची मेंदूतली सोय अजून कच्ची असते. तो नाटक करत नाही, त्याच्या हातात ते राहिलेलंच नसतं.

अमेरिकेतले मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या अशा थैमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली तीन चतुर्थांश थैमानं पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपली होती. हा आकडा मी बागेत मनाशी धरून असते. पाच मिनिटं फार मोठी वाटतात, पण ती संपतात. पोटेगल यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन बसवून आवाजही टिपले. किंचाळणं-ओरडणं हे रागाचे आवाज, रडणं-कुरकुरणं हे दुःखाचे. राग लवकर टोकाला जातो आणि ओसरतो, दुःख मात्र आत चालूच असतं. बालवाडीत आम्ही हे कानांनी ओळखायचो. किंचाळी चालू असताना मुलाच्या कानात काही शिरत नाही. किंचाळी मोडून हुंदके येऊ लागले की मूल कुशीत यायला तयार असतं.

म्हणून क्रम असा. आधी जागा बघा. झोक्याच्या वाटेत, पायऱ्यांवर, डांबरी रस्त्यावर लोळण असेल तर उचलून गवतावर आणा. गवतात लाल मुंग्या नाहीत ना, ते एका नजरेत बघून घ्या. उचलताना मागून काखेत हात घालून, त्याची पाठ आपल्या छातीशी लावून उचला, म्हणजे लाथा आपल्याला फारशा लागत नाहीत. माझ्यासारखी गुडघ्याची दुखणी असतील तर उचलायचा हट्ट नको, सरकवत बाजूला घ्या आणि तिथेच बसा.

मग त्याच्या शेजारी, समोर नाही, जमिनीवर बसा. "मी इथेच आहे" हे एकदा, हळू आवाजात. का रडतोस, काय हवंय, असे प्रश्न नकोत. समजूत नको, चॉकलेट नको, फोन नको. जे नाही म्हटलंय ते रडल्यामुळे हो करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो त्याच उंचीपासून सुरुवात करेल. आपला श्वास लांब करा. हुंदके आले की हात पुढे करा. पाणी द्या, तोंड पुसा, आणि मग एक वाक्य, "तुला अजून खेळायचं होतं. फार राग आला." एवढ्याने तो मान हलवतो आणि बहुधा खांद्यावर टेकतो.

या सगळ्यात दुसरं भावंड विसरलं जातं. नातीला मी सांगते, "तो रडतोय, मी त्याच्याजवळ बसतेय. तू मला दिसशील तिथे खेळ." "बघ ताई कशी शहाण्यासारखी खेळते" हे मात्र चुकूनही म्हणू नका. उद्याच्या भांडणाचं बी तिथेच पडतं.

काही मुलं रडता रडता श्वास रोखतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही जाते. सहा महिने ते सहा वर्षांपर्यंत हे दिसतं आणि श्वास साधारण मिनिटभरात आपोआप सुरू होतो. मुलाला कुशीवर निजवा, तोंडात बोट किंवा पाणी घालू नका, गदागदा हलवू नका. असं झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. शरीरात लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त आढळतं, त्यामुळे रक्त तपासतात. श्वास मिनिटभरात परत आला नाही तर १०८ ला फोन.

बघणारे

त्यांच्याशी वाद घालू नका. "दोन मिनिटं द्या हो, होईल शांत," एवढं पुरतं. ज्येष्ठांचा हास्यक्लब किंवा प्राणायाम चालू असेल तर मुलाला घेऊन दुसऱ्या टोकाला जाणं हे सौजन्य आहे, ते करावं.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. "रडलास तर पोलीस पकडून नेतील," "त्या वॉचमनकाकांना देऊन टाकू," "आजी गेली बघ तुला टाकून." उद्या गर्दीत मूल हरवलं तर त्याने वॉचमनकडेच, पोलिसांकडेच जायला हवं. त्यांची भीती घातलेली असेल तर ते त्यांना बघून लपेल. कुणी असं म्हटलं की मी मुलाला ऐकू जाईल असं म्हणते, "नाही, पोलीसकाका घरी पोचवतात. आणि आजी कुठे जात नाही."

निघताना

फाटक ही बागेतली सगळ्यांत अवघड जागा. बाहेर फुगेवाला, बुढ्ढी के बाल, दिवे लागणारी भिरभिरी. एका मुलाला खेळ सोडवत नाही, दुसऱ्याला फुगा हवा, आणि मोठ्या माणसाला कुकर लावायची घाई.

"चला, पाच मिनिटांत निघायचं" याऐवजी प्रत्येकाला विचारा, "शेवटचं काय?" ती म्हणते दोन घसरगुंड्या, तो म्हणतो एक झोका. ते पुरं करू द्या, मग बादल्या त्यांनीच भरायच्या. आमचा नातू मातीतल्या खड्ड्याला टाटा करतो, घसरगुंडीला करतो, मांजर दिसली तर तिलाही. त्याला वेळ लागतो, पण रडारडीपेक्षा कमीच. बागेला दोन फाटकं असतील तर फुगेवाला नसलेल्या फाटकाने बाहेर पडा, यात लबाडी काही नाही. एकच असेल तर दाराशी ठरलेलं आठवण करून द्या, "फुगा कधी?" आणि शनिवारी तो खरंच घ्या. दोघांना दोन, रंग ज्याचा त्याने निवडायचा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकतात.

रविवारी सारसबागेत जाऊन शेजारच्या पेशवे उद्यानातल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीत बसायचा बेत असेल तर पुढच्या जागेवरून भांडण होणार हे गृहीत धरा. फुलराणी १९५६ सालापासूनची, तेव्हापासून भावंडं त्या जागेसाठी भांडत आली असणार. आम्ही घरीच ठरवून जातो, या खेपेला पुढे कोण, आणि ते फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो. लिहिलेल्यावर वाद होत नाही. अशा गर्दीच्या दिवशी मात्र दोन मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत.

घरी जाताना रस्त्यात झालेल्या भांडणाची उजळणी नको. आई-बाबांसमोर तक्रारींचा पाढा तर नकोच. रात्री झोपताना दोन वाक्यांत त्यांनाच सांगू द्या, सांगावंसं वाटलं तर.

डॉक्टरांकडे कधी

थैमान रोज अनेकदा होत असेल, दर वेळी अर्धा-अर्धा तास चालत असेल, मूल स्वतःचं डोकं आपटत असेल किंवा स्वतःला चावत असेल, पाच वर्षं उलटूनही कमी होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. बोलायला उशीर झालेल्या मुलांचा त्रागा जास्त असतो, तिथे ऐकणं आणि बोलणं तपासायला हवं. बागेत ढोल, भोंगा, मुलांचा कल्ला सुरू झाला की कान घट्ट दाबून घेणारं मूल हट्टी नसतं. त्याला तो आवाज सहन होत नाही, हेही डॉक्टरांना सांगा.

जाण्याआधी आठवडाभर फोनमध्ये टिपून ठेवा, किती वाजता झालं, किती वेळ चाललं, आधी काय चाललं होतं, शेवटचं कधी खाल्लं होतं, दुपारी झोप झाली होती का. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि आयत्या वेळी काही आठवत नाही.